बागेतलं कौटुंबिक फोटोसेशन: जागा नंतर, आधी वेळ ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मैत्रिणीच्या घरच्या नऊ जणांचे फोटो जवळच्या सार्वजनिक बागेत काढायचे आहेत. आजी-आजोबा, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि तीन नातवंडं: १० वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाचं बाळ. आजोबांचे गुडघे दुखतात. हाताशी एक फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आहे, ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या दोन लेन्स आहेत: पहिली रुंद दृश्य घेणारी, दुसरी लांबचं जवळ आणणारी. बागेत कुठे उभं करावं, कपडे कोणते सांगावेत, सेटिंग काय ठेवावं?

अशा प्रश्नात जागेची चिंता सगळ्यात आधी येते: तळं, पूल, फुलांचा ताटवा. माझ्या मते तिचा नंबर तिसरा. पहिला नंबर घरातल्या सर्वांत लवकर थकणाऱ्या माणसाचा, दुसरा उजेडाचा. तुमच्या बाबतीत लवकर थकणारी माणसं दोन आहेत, बाळ आणि आजोबा. या दोघांना सोयीची वेळ, आणि त्या वेळी बागेत चांगला उजेड असलेला कोपरा, एवढं जुळलं की साधी पायवाट आणि मागे थोडी झाडं पुरतात. हे जुळलं नाही तर सुंदर तळ्याकाठी नऊ वैतागलेले चेहरे मिळतात.

म्हणून सुरुवात मैत्रिणीला एक प्रश्न विचारून करा: बाळ दिवसातल्या कुठल्या वेळी सगळ्यात खुशीत असतं? झोपून उठल्यावर, पोट भरल्यावर साधारण तासाभराचा काळ लहान मुलांचा सोन्यासारखा असतो. तो संध्याकाळी येत असेल तर संध्याकाळ, सकाळी येत असेल तर सकाळ. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचं फोटोग्राफरांना इतकं वेड असतं की बाळाची दुपारची झोप मोडून किंवा त्याची निजायची वेळ ओलांडून लोक सेशन ठरवतात. दोन वर्षांखालचं मूल असेल तर मी स्वतः सकाळच सुचवते. उजेड तितकाच तिरपा आणि मऊ असतो, बागेत गर्दी कमी असते, आजी-आजोबा ताजेतवाने असतात. एकच गैरसोय म्हणजे गवत दवाने ओलं असतं, तेव्हा बसायला जाड चादर हवी.

आता उजेडाचं गणित. सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंशांच्या आत असतो तेव्हा ऊन पिवळसर, तिरपं आणि सौम्य होतं. त्यालाच सोनेरी वेळ, इंग्रजीत ‘गोल्डन अवर’, म्हणतात. इंग्रजी नावात ‘तास’ असला तरी ती सगळीकडे तासभर टिकत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, ताशी १५ अंश. म्हणजे ६ अंशांना फक्त २४ मिनिटं. २० अक्षांशावर साधारण २५ मिनिटं, ५० अक्षांशावर सदतीसेक, ६० अक्षांशावर पाऊण तासाहून थोडी जास्त. विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्याने ध्रुवाकडच्या देशातल्या फोटोग्राफरचं वेळापत्रक उचललं तर शेवटचे निम्मे फोटो अंधारात जातात. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात उलट अडचण होते: उजेड अप्रतिम असतो, पण तो मुलांच्या झोपेच्या वेळेनंतर येतो.

दुसरी गोष्ट बागेतच उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो, बागेला मात्र झाडं असतात, पलीकडे इमारती असतात. १५ मीटर उंचीची झाडांची रांग तुमच्यापासून ८५ मीटरवर असेल तर सूर्य १० अंशांवर असतानाच तिच्याआड जातो. म्हणजे सूर्यास्ताच्या किमान ४० मिनिटं आधीच तुमचं ऊन संपलेलं असतं, आणि सोनेरी वेळ त्या कोपऱ्यात येतच नाही. हात लांब करून मूठ वळलीत तर मुठीची रुंदी आकाशात अंदाजे १० अंश भरते. सूर्य आणि झाडांचा शेंडा यांच्यात किती मुठी बसतात ते मोजा, म्हणजे किती वेळ हाताशी आहे याचा अंदाज जागेवरच येतो. मोजताना नजर सूर्यावर रोखू नका, त्याच्या बाजूला पाहा. फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयरसारख्या ॲपमध्ये सूर्याचा मार्ग दिसतो. तेही वापरा, पण झाडाची उंची ॲपला माहीत नसते.

त्यामुळे जागेची पाहणी ज्या वेळी फोटो काढायचे त्याच वेळी करा, आणि शक्यतो त्याच आठवड्यात. सूर्य मावळण्याची जागा जून ते डिसेंबर या काळात विषुववृत्तावरसुद्धा क्षितिजावर सुमारे ४७ अंश सरकते. ४० अक्षांशावर ६० अंशांहून जास्त. गेल्या हिवाळ्यात ज्या वाटेवर सुरेख ऊन पडलं होतं, तिथे उन्हाळ्यात दाट सावली असू शकते.

पाहणीला गेल्यावर फुलं शोधू नका, सावलीची कड शोधा. मोठ्या झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत, पण समोर मोकळं आकाश असेल अशी जागा. सावलीच्या आत दोन पावलं माणसं उभी करायची, तोंडं मोकळ्या आकाशाकडे. चेहऱ्यावर सगळीकडे सारखा, मऊ उजेड येतो, डोळ्यांत चमक दिसते आणि कुणाचे डोळे बारीक होत नाहीत. हीच जागा नऊ जणांच्या ग्रुप फोटोची. दाट झाडाखाली फार आत गेलात तर उजेड फक्त वरून येतो आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

बागेतला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कवडसे. पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके डोळ्यांना मोहक वाटतात, पण चेहऱ्यावर पडले की एका गालावर पांढरा डाग आणि नाकावर काळोख. कॅमेऱ्याला हे दोन्ही एकत्र सांभाळता येत नाहीत आणि नंतर एडिटिंगमध्येही ते नीट जात नाही. जागा तपासायची सोपी रीत सांगते. हात पुढे धरा, तळवा स्वतःकडे करा आणि सावकाश एक गिरकी घ्या. तळव्यावर ठिपके दिसले तर जागा सोडा. तळव्यावरचा उजेड सारखा आणि भरलेला दिसला की थांबा; तळवा ज्या दिशेला वळलेला आहे, त्याच दिशेला माणसांची तोंडं हवीत. तुमचा तळवा त्या क्षणी चेहऱ्याचं काम करतो, म्हणून ही चाचणी उजेड मोजणाऱ्या कुठल्याही मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

हिरवळीबद्दल सावध करते, कारण सुरुवातीला हे लक्षात येत नाही. उन्हात चमकणारं गवत हिरवा उजेड वर फेकतं, आणि तो हनुवटीखाली, गळ्यावर, पांढऱ्या सदऱ्यावर बसतो. त्वचा आजारी दिसते. एडिटिंगमध्ये सगळा फोटो गुलाबीकडे वळवून हे सुटत नाही, कारण कपाळाचा रंग वेगळा आणि हनुवटीचा वेगळा असतो. त्यापेक्षा माणसांना फिकट रंगाच्या पायवाटेवर, फरशीवर किंवा खडीवर उभं करा. अशी जमीन खालून स्वच्छ उजेड परत देते, जणू कुणी रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) धरून बसलंय. मागे हिरवळ खुशाल राहू द्या, ती पायाखाली नको एवढंच.

मागची झाडं-झुडपं माणसांपासून ८–१० मीटर तरी लांब असू द्या. लोक झुडपाला पाठ टेकून उभे राहतात आणि फोटोग्राफर मागचं धूसर होत नाही म्हणून लेन्सला दोष देतो. चार पावलं पुढे घ्या, निम्मं काम तिथेच होतं. डोक्यातून उगवलेले खांब, कचऱ्याचे डबे, सूचनाफलक आणि उभी केलेली वाहनं पाहणीच्या दिवशीच हेरून ठेवा. आणि आजोबांसाठी बाक बघा. बाक टणक आणि पुरेसा उंच हवा, ज्यावरून त्यांना आधाराशिवाय उठता येईल. जमिनीवरच्या चादरीवर त्यांना बसवू नका. बसताना होणारी कळ चेहऱ्यावर पुढची १० मिनिटं राहते.

अशा तीन जागा १००–१५० मीटरच्या आत मिळाल्या की पाहणी पुरी: एक सावलीची कड, एक बाक, एक मोकळी पायवाट जिच्या टोकाला उतरतं ऊन येतं. स्वच्छतागृह कुठे आहे आणि फाटकापासून किती चालावं लागतं तेही पाहून ठेवा. पाणी मारण्याच्या वेळाही विचारा, कारण स्वयंचलित तुषार ऐन सेशनमध्ये सुरू होऊ शकतात.

परवानगीचा विषय छोटा आहे, पण टाळू नका. घरच्यांचे फोटो घरच्यांनी काढायला सार्वजनिक बागांत सहसा हरकत नसते. पैसे घेऊन फोटो काढणं, ट्रायपॉड किंवा दिव्यांचे स्टँड रोवणं, ड्रोन उडवणं यांचे नियम अनेक ठिकाणी वेगळे असतात आणि लेखी परवानगी, कधी शुल्कही लागतं. बागेच्या कार्यालयात आधी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि फोनमध्ये ठेवा. मुलांना घेऊन आल्यावर रखवालदाराशी वाद झाला तर फोटोतले चेहरे गेलेच समजा. फुलांच्या वाफ्यात पाय नको, फांदीला लोंबकळणं नको, फुगे आणि चमकी उडवणं तर नकोच. ती जागा आपल्यानंतर येणाऱ्यांचीही आहे.

आता वेळापत्रक. नऊ जणांच्या घरात कुणाकुणाचे एकत्र फोटो हवेत याची यादी आधी लिहून घ्या: सगळे नऊ, आजी-आजोबा दोघंच, आजी-आजोबा आणि तिन्ही नातवंडं, आजी-आजोबा आणि त्यांची दोन्ही मुलं, दोन्ही छोटी कुटुंबं वेगवेगळी, तिन्ही मुलं एकत्र, दोन्ही जोडपी, प्रत्येक मूल एकेकटं. मोजलं तर १२ होतात. प्रत्येकाला तीन मिनिटं धरली तर ३६ मिनिटं, वर जागा बदलणं आणि बाळाला शांत करणं. तासाभरात सगळं आटपायला हवं. ऐन वेळी ‘आणि एक फक्त आत्याचा भाच्याबरोबर’ अशी भर पडते, ती यादी पुरी झाल्यावर घ्या. पण ज्यांचं वय झालं आहे त्यांच्याबरोबरचा कुठलाही फोटो मी नाकारत नाही, उजेड गेला असला तरी. उजेड उद्याही मिळेल.

क्रम ठरवताना एकच विचार ठेवा: जो आधी थकेल तो आधी मोकळा होईल. समजा सूर्यास्त ६:४५ ला आहे आणि बाळ पाचला झोपून उठतं. मंडळींना ५:४० ला बोलवा. १० मिनिटं बाळाला बागेत रांगू-फिरू द्या, तुम्ही कॅमेरा हातात ठेवा पण फोटो काढू नका, त्याला तुमची सवय होऊ दे. ५:५० ला सावलीच्या कडेला नऊ जणांचा फोटो. लगेच बाकावर आजी-आजोबा आणि नातवंडं, मग दोन्ही मुलांबरोबर, मग दोघंच. सहाच्या थोडं पुढे आजोबांचं काम संपतं आणि ते आरामात बसून बाकीची गंमत बघतात. त्यानंतर बाळाचं कुटुंब, मग दुसरं कुटुंब, तिन्ही मुलं, एकेक मूल. सव्वासहाच्या पुढचं सोनेरी ऊन जोडप्यांना आणि पळणाऱ्या मोठ्या मुलांना द्या. जोडपी सर्वांत शेवटी, कारण थांबण्याची ताकद त्यांच्यात सगळ्यात जास्त असते. सकाळचं सेशन असेल तर उजेडाचा क्रम उलटतो, सोनेरी ऊन आधी येतं; तरी माणसांचा क्रम तसाच ठेवा.

कपड्यांबद्दल फार सूचना देऊ नका. सगळ्यांना एकसारखे कपडे घालायला लावण्याच्या मी विरोधात आहे, माणसं गणवेशात दिसतात. एकमेकांत मिसळणारे तीन-चार रंग ठरवा आणि ज्याला ज्यात आरामशीर वाटतं ते घालू द्या. गर्द निळा, मातकट, फिका करडा, विटकरी असे रंग हिरव्या पार्श्वभूमीवर छान उठतात. झळाळणारे पोपटी, नारिंगी, राणी रंग टाळा, ते शेजारच्याच्या गालावर रंग फेकतात. बारीक पट्ट्या आणि बारीक चौकडा टाळा, कॅमेऱ्यात त्यावर लाटांची विचित्र नक्षी उमटते. मोठ्या अक्षरांचे टी-शर्ट नकोत, नजर चेहऱ्याआधी तिकडे जाते. मुलांचे नवे बूट घरात दोन दिवस वापरलेले असू द्यात. टोचणारी कॉलर, चावणारा बूट यांनी जेवढी सेशन्स बिघडतात तेवढी पावसाने बिघडत नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे एक समज घट्ट बसला आहे: माणसं जास्त तर एफ-आकडा मोठा (हा आकडा लेन्सचं छिद्र सांगतो; आकडा मोठा तर छिद्र लहान). हे अर्धंच खरं आहे. फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो, ती अंतरावरही ठरते, आणि ग्रुप मोठा असला की तुम्ही आपोआप लांब उभे राहता. नऊ जण दोन रांगांत असतील तर फ्रेममध्ये साधारण साडेचार मीटर रुंदी हवी. ८५ मिलिमीटर लेन्सने त्यासाठी साडेदहा मीटर मागे जावं लागतं, आणि तिथून एफ/४ लासुद्धा साडेतीन मीटरहून जास्त खोली स्पष्ट येते. दोन रांगांना ती भरपूर झाली. उलट आई-बाबा-बाळ असा तिघांचा जवळचा फोटो तुम्ही त्याच लेन्सने तीन मीटरवरून एफ/२.८ वर काढलात, तर स्पष्ट भाग जेमतेम २० सेंटिमीटरचा असतो. आईचे डोळे लख्ख आणि मागे झुकलेल्या बाबांचे धूसर. म्हणजे छोट्या, जवळच्या ग्रुपला एफ/५.६ ची गरज मोठ्या ग्रुपपेक्षा जास्त आहे. तिघांना डोळे एका पातळीत आणायला सांगा, डोकं डोक्याला टेकू द्या. खोलीचा प्रश्नही सुटतो आणि माणसं जवळही येतात.

मोठ्या ग्रुपला ८५ वापरायची अडचण वेगळीच: १० मीटरवरून ओरडावं लागतं. तेव्हा घरच्यांना ओळखणारा एक मदतनीस ग्रुपच्या बाजूला, फ्रेमबाहेर उभा ठेवा. एवढं मागे जायला जागा नसेल तर ३५ घ्या, पण कडेच्या माणसांचे चेहरे आणि दंड त्यात ताणले जातात. गरजेपेक्षा दोन पावलं मागे जा, दोन्ही कडांना मोकळी जागा सोडा आणि नंतर कातरा. फोनवर काढणार असाल तर हाच नियम. रुंद लेन्स टाळा, दुप्पट झूमची लेन्स वापरा आणि मागे सरका. फोनचा पोर्ट्रेट मोड एकट्या माणसाला ठीक आहे. ग्रुपमध्ये तो कुणाचे केस, कुणाचा कान चुकीचा धूसर करतो.

शटर स्पीड उभ्या ग्रुपला १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, मुलं कधीच पूर्ण स्थिर नसतात. चालताना १/५००, पळताना किंवा बाळाला हवेत उचलताना १/१०००. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ३२०० द्या. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही. रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) चालू ठेवा. सूर्य मागे घेऊन काढताना केसांभोवती सुरेख कड येते, पण कॅमेरा फसतो आणि चेहरे काळे करतो. एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवा, लेन्सला हूड (कडेचं ऊन अडवणारी कड) लावा आणि सूर्य एखाद्या खोडाआड अर्धा लपवा. ढगाळ दिवस आला तर खूश व्हा, अख्खं आकाश मऊ दिव्याचं काम करतं. फक्त पांढरं आकाश फ्रेममध्ये घेऊ नका, थोडं उंचावरून काढा म्हणजे मागे झाडी येईल.

ग्रुपची मांडणी सरळ रेषेत करू नका. आजी-आजोबा बाकावर, बाळ आजीच्या मांडीवर, ५ वर्षांचा आजोबांच्या गुडघ्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने त्यांच्या शेजारी, मुलगी बाकाच्या हातावर. चौघं मोठे मागे, थोडे आत झुकलेले. डोकी वेगवेगळ्या उंचीवर असली की नजर फिरत राहते. दोन डोक्यांमधलं अंतर बघा. भांडण झाल्यासारखी फट कुठे दिसली तर ती बुजवा. हातांना काम द्या: खांद्यावर, एकमेकांत, खिशात. लोंबणारे हात माणसाला अवघडल्यासारखं दाखवतात.

ग्रुपमध्ये कुणाचेच डोळे मिटलेले नसावेत म्हणून किती फोटो काढावेत, याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेतल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी मांडलं होतं. त्यासाठी त्यांना २००६ चं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिकही मिळालं. त्यांचा ठोकताळा असा: २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी उजेडात २ ने. म्हणजे तुमच्या नऊ जणांना तीन, संधिप्रकाशात पाच. पण हे फक्त पापण्यांचं गणित. तुमच्याकडे दीड वर्षाचं बाळ आहे, म्हणून मी १०–१२ काढेन, आणि तेही जागचं न हलता. कॅमेरा एकाच जागी, एकाच उंचीवर राहिला तर गरज पडल्यास एका फोटोतला चेहरा दुसऱ्यात बसवता येतो.

बाळाच्या बाबतीत एक सूचना सगळ्या मोठ्यांना आधीच द्या आणि दोनदा द्या: मी सांगेपर्यंत कुणीही बाळाकडे बघायचं नाही, नजर कॅमेऱ्यात. हमखास असं होतं की बाळ अखेर गोड हसतं, आणि त्या क्षणी आई, बाबा, आजी सगळे खाली वाकून त्याच्याकडे बघत असतात. दुसरं, बाळाला हाक एकानेच मारायची, आणि त्याने बरोबर तुमच्या डोक्यामागे उभं राहायचं. चार बाजूंनी चार जण टाळ्या वाजवू लागले की बाळ गोंधळतं आणि कुठेच बघत नाही. त्याचं आवडतं खेळणं सुरुवातीलाच हातात देऊ नका, ते तुमच्या खिशात राहू दे.

‘हसा’ म्हणून मिळतं ते फक्त ओठांचं हसू. फ्रेंच वैद्य गियोम ड्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. म्हणून हुकूम देऊ नका, काहीतरी करायला द्या. ५ वर्षांच्या मुलाला सांगा, आजोबांच्या कानात एक गुपित सांग, आणि आजोबांनी ते कुणाला सांगायचं नाही. आजोबांचा चेहरा बघत राहा. त्या मुलालाच मदतनीस नेमा, चादर उचलणं त्याचं काम, दोन फोटो त्याला काढू द्या. १० वर्षांच्या मुलीशी मात्र वेगळं वागा. या वयात आपण कसे दिसतो याची जाणीव नुकतीच जागी झालेली असते. ‘किती गोड’ असं म्हणत तिला लहानांत ढकलू नका. कॅमेऱ्यात फोटो दाखवा, कुठला आवडला ते विचारा आणि ती म्हणेल तो ठेवा. भावाला मिठी मारायची नसेल तर मारू नये. शेजारी चालत चार वाक्यं बोलली तरी फोटो होतो.

कुणी रडलं, रुसलं तर थांबा. पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवा, पाणी द्या, थोडं खाऊ द्या, ज्याचे डाग पडत नाहीत असं काही. मोठ्यांनी मुलाला दटावायला सुरुवात केली तर त्यांना हळूच बाजूला घेऊन सांगा की माझ्याकडे वेळ आहे. आईबाबांचा जीव भांड्यात पडला की मूल आपोआप शांत होतं. रडणाऱ्या मुलाला कडेवर घेतलेल्या बाबांचा फोटोही जरूर काढा. दहा वर्षांनी लोक तो आधी शोधतात.

पिशवीत जास्तीची बॅटरी, दुसरं कार्ड, ओले रुमाल, सेफ्टी पिना, कंगवा, जाड चादर, डास-किडे पळवणारं मलम आणि पांढरा रिफ्लेक्टर असू द्या. वारा असेल तर रिफ्लेक्टर कुणीतरी घट्ट धरलेला हवा, नाहीतर तो पतंगासारखा उडतो. बाळाच्या चेहऱ्यावर चंदेरी बाजूने ऊन मारू नका, पांढरी बाजूच वापरा. पावसाची शक्यता असेल तर रद्द करायचं की नाही हे आदल्या संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी ठरवा, आणि पर्यायी दिवस आधीच सांगून ठेवा. सकाळपासून दर तासाला फोन होत राहिले तर घर निघण्याआधीच थकतं.

सार्वजनिक बागेत मागे दुसऱ्यांची मुलं येतात. त्यांचे चेहरे ओळखू येतील असा फोटो कुठेही टाकू नका. फ्रेम बदला किंवा ती पुढे जाईपर्यंत थांबा. तुमच्या मैत्रिणीच्या मुलांचे फोटो ऑनलाइन टाकायचे तर आईबाबांना स्पष्ट विचारा, १० वर्षांच्या मुलीला स्वतंत्र विचारा, आणि फोनवरच्या फोटोंत ठिकाणाची नोंद जाते ती काढून टाका.

घरी आल्यावर कार्डातले फोटो त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, आणि निवड पोचवेपर्यंत कार्ड पुसू नका. निवड करताना कंजूष व्हा. यादीतल्या १२ जुळण्यांमागे दोन-तीन आणि मधले न ठरवलेले काही, असे ४०–५० फोटो द्या. शंभर सारखे फोटो दिले तर कुणीच नीट बघत नाही. नऊ जणांचा फोटो छापून घ्यायला सांगा. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० ची असते, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचांचा प्रिंट स्वच्छ येतो. कातरलेल्या फाइलचा आकार मात्र छापायला टाकण्याआधी तपासा, कारण ३५ ने काढून कडा छाटल्या असतील तर तो बराच कमी झालेला असतो.